शिलावर्तुळांचे संरक्षण : जुनापाणीचा दाखला व भीमाखोऱ्यातील एक प्रश्न

महाराष्ट्रातील प्राचीन अवशेषांचा विचार निघाला की लेणी, मंदिरे आणि दुर्ग यांकडे लक्ष प्रथम जाते, व ते स्वाभाविकही आहे. ही स्मारके आपली ओळख आपणच सांगतात. त्यांवर लेख असतात, मूर्ती असतात, निदान बांधणीची शैली तरी असते. शिलावर्तुळाचे तसे नाही. गावाबाहेरच्या माळावर गोल मांडलेले दहा-वीस धोंडे आणि त्यांच्या मध्ये किंचित फुगून आलेली दगडमातीची भर, एवढेच त्याचे बाह्य रूप असते. पाहणाऱ्याला ते स्मारक न वाटता शेतातून वेचून टाकलेल्या दगडांची रास वाटण्याचाच संभव अधिक. असे असूनही लोहयुगाच्या आरंभकाळातील माणसांविषयी जे काही निश्चित ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याचा फार मोठा भाग अशाच राशींखालून मिळालेला आहे. ही दफने कायद्याने का राखावयाची, राखणे म्हणजे नेमके काय, आणि सोलापूरच्या परिसरातील अभ्यासकाला या प्रश्नाशी काय कर्तव्य आहे, यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिलावर्तुळाची रचना

मोठे दगड वापरून केलेल्या दफनांना व तत्संबंधी रचनांना 'महापाषाणीय' अशी संज्ञा रूढ आहे. यांचे प्रकार अनेक आहेत. सपाट लाद्या उभ्या करून केलेली शिलापेटिका, वर आच्छादनशिला ठेवलेले शिलागृह, नुसता उभा केलेला एकाकी स्तंभ, आणि मोठ्या धोंड्यांचे वर्तुळ आखून त्यात केलेले दफन हे त्यांपैकी प्रमुख होत. विदर्भात यांपैकी शेवटचा प्रकार प्राधान्याने आढळतो. वर्तुळाचा व्यास सामान्यतः ८ ते २० मीटरांच्या दरम्यान असतो. धोंडे बहुधा त्याच परिसरातील काळ्या पाषाणाचे असतात व त्यांचा खालचा भाग जमिनीत रुतविलेला असतो.

वर्तुळाच्या आत जे आढळते त्याचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मृताचे अवशेष उथळ खड्ड्यात किंवा जवळजवळ मूळ भूपृष्ठावरच ठेवलेले असतात. पुष्कळदा संपूर्ण सांगाडा मिळत नाही. निवडक अस्थीच मिळतात. यावरून देह प्रथम अन्यत्र ठेवून नंतर काही अस्थी येथे आणल्या असाव्यात, असे अनुमान अनेक ठिकाणी करण्यात आले आहे. अस्थींजवळ मातीची भांडी, लोखंडी हत्यारे, तांब्याच्या वस्तू, मणी इत्यादी ठेवलेले असतात. त्यांवर चिकण काळ्या मातीचा थर आणि सर्वांत वर दगडगोट्यांचा भराव असतो. माळावरची मूळ जमीन मुरमाड असताना आत काळी माती सापडते, याचा अर्थ ती माती कोणीतरी खालच्या शिवारातून वाहून आणली आहे. धोंडे ओढून आणणे, माती वाहणे व भराव घालणे ही कामे एकट्यादुकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हेत. त्यामागे एकत्र येणारा, श्रम वाटून घेणारा समाज होता, हे नुसत्या रचनेवरूनच सिद्ध होते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. शिलावर्तुळातील पुरावा हा वस्तूंत नसून वस्तूंच्या परस्परसंबंधांत आहे. कुऱ्हाड कोणत्या अस्थींजवळ होती, भांडे उपडे होते की सुलटे, काळ्या मातीचा थर आधी पडला की दगडांचा, हे एकदा विस्कटले की पुन्हा जुळवता येत नाही. कुऱ्हाड संग्रहालयात सुरक्षित राहील. परंतु ती ज्या वाक्यातील एक शब्द होती ते वाक्य मात्र कायमचे पुसले जाईल.

संशोधनाचा आरंभ

दख्खनमधील महापाषाणीय दफनांचे पद्धतशीर उत्खनन सोलापूरपासून फार दूर सुरू झालेले नाही. निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) हे १८४१ पासून १८५३ पर्यंत सुरपूर संस्थानाच्या कारभारावर होते. त्या अवधीत त्यांनी सुरपूरच्या परिसरातील, तसेच भीमेच्या दक्षिणेस असलेल्या जेवरगी येथील दफने उकरून पाहिली. आपले निष्कर्ष त्यांनी प्रथम रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात व नंतर आयर्लंडमधील रॉयल आयरिश अकादमीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. १८५३ नंतर त्यांची नेमणूक नळदुर्ग येथे झाली. सोलापूर–हैदराबाद मार्गावरील नळदुर्गचा किल्ला व जवळचे तुळजापूर सोलापूरकरांच्या नित्य परिचयाचे असले, तरी तेथील हा अधिकारी भारतीय पुरातत्त्वातील एक आद्य उत्खनक होता, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

टेलर यांचे अनुमान आज कोणी स्वीकारीत नाही. ही दफने शक किंवा केल्ट लोकांच्या शाखांची असावीत, असे त्यांना वाटले. युरोपातील तत्सदृश रचनांशी असलेले बाह्य साम्य त्यांना त्या तर्काकडे घेऊन गेले. परंतु त्यांनी एक गोष्ट अशी केली की तिचे मोल शंभर वर्षांनंतरही कमी झाले नाही. त्यांनी दफनाचा उभा छेद रेखाटला. कोणता थर कोणत्या थरावर आहे, अस्थी कोठे, भांडी कोठे, हे चित्राने नोंदवून ठेवले. पुढे १९४७ मध्ये ब्रह्मगिरी येथे उत्खनन करणारे मॉर्टिमर व्हीलर यांनी या छेदचित्रांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. टेलर यांचा सिद्धान्त मागे पडला व त्यांची नोंद टिकली, यात प्रत्येक उत्खनकाने घेण्यासारखा धडा आहे.

विदर्भात या अवशेषांकडे प्रथम लक्ष वेधणाऱ्यांत नागपूरचे स्कॉटिश मिशनरी व भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांचा समावेश होतो. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतत असता पुराने भरलेला ओढा ओलांडताना ते बुडून मरण पावले. त्यानंतर चार वर्षांनी, १८६७ मध्ये, सनदी अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणी येथील काही वर्तुळे उकरली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांविषयी लेख लिहिला.

जुनापाणी

जुनापाणी हे स्थळ नागपूरच्या वायव्येस, काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे १० किलोमीटरांवर आहे. येथील माळावर सुमारे ३०० शिलावर्तुळे असल्याची नोंद आहे. काही वर्तुळांच्या धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे दिसतात. हे खळगे रिव्हेट-कार्नॅक यांच्या नजरेस आले, व त्यांनी त्यांची तुलना ब्रिटनमधील तशाच खुणांशी केली. अलीकडच्या काळात काही खगोलशास्त्रज्ञांनी या खळग्यांच्या दिशा मोजून त्यांचा आकाशस्थ घटनांशी संबंध लावण्याचा प्रयत्न केला आहे. खळग्यांचा अर्थ काहीही ठरो, तो शोधावयाचा तर खळगे असलेला धोंडा मूळ जागी व मूळ दिशेलाच असला पाहिजे, ही गोष्ट उघड आहे. धोंडा हलविला की दिशेचा प्रश्नच संपुष्टात येतो.

जुनापाणीच्या संशोधनाचा इतिहास संरक्षणाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे, कारण प्रत्येक पिढीने येथे व या परिसरात वेगळा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मिळविले.

रिव्हेट-कार्नॅक यांच्यापुढे मुख्य प्रश्न 'आत काय आहे' हा होता. त्याचे उत्तर त्यांना लोखंडी कट्यारी, आडव्या पट्ट्यांनी दांड्यास जखडावयाच्या सपाट कुऱ्हाडी, छिन्न्या, कडी व घोड्याच्या तोंडात घालावयाची कडियाळी यांच्या रूपाने मिळाले. त्यांतील काही वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. परंतु वर्तुळे उकरली गेली त्या काळी थरांची नोंद ठेवण्याची शिस्त सार्वत्रिक नव्हती. त्यामुळे या वस्तू कशा ठेवल्या होत्या, हे त्यांच्याकडे पाहून आज सांगता येत नाही.

१९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या वतीने बा. कृ. थापर यांनी जुनापाणी येथील तीन वर्तुळांचे उत्खनन केले. व्हीलर यांच्या हाताखाली तयार झालेल्या या पिढीचा प्रश्न 'वर्तुळ कसे रचले' हा होता. तीन वर्तुळे उकरावयाची, पण ती थरवार व छेद राखून उकरावयाची, ही त्यांची पद्धत. आधीच्या उत्खननात मिळालेल्या लोखंडाला त्यामुळे प्रथमच एक निश्चित संदर्भ प्राप्त झाला.

यानंतर नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव यांनी प्रश्नाची कक्षाच रुंदावली. मेलेल्यांची जागा सापडली. परंतु ही माणसे राहत कोठे होती? १९६८-६९ मध्ये टाकळघाट येथील वस्तीचे पांढरीचे टेकाड व खापा येथील शिलावर्तुळे यांचे एकत्र उत्खनन करून त्यांनी वस्ती आणि दफन ही एकाच समाजाची दोन अंगे असल्याचे दाखवून दिले. १९७० ते १९७२ या काळात त्यांनी माहुरझरी येथे काम केले. तेथे घोड्याच्या मस्तकावर घालावयाचे तांब्याचे अलंकार व घोड्याच्या अस्थी मिळाल्या. अशा अस्थींच्या अभ्यासात काहींवर कापाच्या खुणा आढळल्या असून, मृताबरोबर घोड्याचा बळी देण्याची चाल असावी, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात येतो. १९७७ ते १९८० च्या दरम्यान पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. तेथील वस्तीच्या मातीतून तांदूळ, जव, मसूर, उडीद इत्यादी धान्यांचे जळके दाणे वेचण्यात आले. शिलावर्तुळे रचणारे लोक केवळ भटके घोडेस्वार होत, ही जुनी समजूत या दाण्यांपुढे टिकली नाही. हे लोक शेती करीत होते, धातू गाळीत होते आणि एका ठिकाणी राहून आपल्या मृतांसाठी गावाजवळचा माळ राखून ठेवीत होते.

पुढे २००१ ते २००४ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने रवींद्र मोहंती यांनी माहुरझरी येथे पुन्हा उत्खनन केले. तेथे मिळालेल्या एका छिन्नीचे धातुशास्त्रीय परीक्षण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ती साध्या लोखंडाची नसून पोलादाची आहे, असे त्यावरून दिसून आले. रिव्हेट-कार्नॅक यांनाही छिन्नी सापडली होती. तिच्यातील कर्बाचे प्रमाण विचारण्याचे साधन मात्र त्यांच्या काळी कोणाच्याही हाती नव्हते.

अशा रीतीने दीडशे वर्षांत 'काय', 'कसे', 'कोण' आणि 'कशाने' असे प्रश्न क्रमाने विचारले गेले. ते विचारता आले याचे कारण एवढेच की, पहिल्या उत्खनकाने सर्व वर्तुळे उकरून टाकली नाहीत. थडगे एकदाच उघडता येते. जे उघडले गेले, त्याने आपल्या काळच्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि ते संपले. जे मिटलेले राहिले, ते पुढच्या प्रश्नासाठी शिल्लक आहे.

कालनिर्णयाची अडचण

हे विधान केवळ तात्त्विक नाही. शिलावर्तुळांच्या काळाचाच प्रश्न घेतला तरी त्याची प्रचिती येते. व्हीलर यांनी ब्रह्मगिरीच्या आधारे महापाषाणीय संस्कृतीचा काळ इ. स. पू. २०० पासून इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत ठरविला होता. पुढे हल्लूर व अन्य स्थळांवरील कर्ब-१४ तारखांनी दक्षिणेतील लोहयुगाचा आरंभ इ. स. पू. १००० च्या सुमारास नेला. विदर्भातील टाकळघाट, नैकुंड इत्यादी ठिकाणच्या तारखा प्रामुख्याने इ. स. पू. ८ व्या ते ५ व्या शतकांच्या आसपास येतात.

येथेच एक अडचण उभी राहते. कर्ब-१४ पद्धतीने मिळालेले वय प्रत्यक्ष वर्षांत रूपांतरित करण्यासाठी जी वक्ररेषा वापरतात, ती इ. स. पू. ८०० ते ४०० या काळात जवळजवळ सपाट आहे. परिणामी या चार शतकांतील कोणत्याही नमुन्याची तारीख निश्चित न होता सबंध अवधीभर पसरते. एखादे वर्तुळ दुसऱ्यापेक्षा दोनशे वर्षांनी जुने असले, तरी केवळ कर्ब-१४ वरून ते कळत नाही. शेजारशेजारची ३०० वर्तुळे एका पिढीची की दहा पिढ्यांची, या अत्यंत मूलभूत प्रश्नाचे उत्तर त्यामुळे अडून राहते. अनेक तारखांची थरांच्या क्रमाशी सांगड घालणे किंवा मातीतील स्फटिककणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला हे मोजणे, यांसारख्या पद्धतींनी ही कोंडी फुटण्याची आशा आहे. परंतु या दोन्ही पद्धतींना न विस्कटलेला भराव लागतो. ज्या वर्तुळाचा मधला भाग गुप्तधनाच्या आशेने कोणी खणला आहे, त्यातील माती अशा मोजणीस निरुपयोगी ठरते.

कायद्याची कक्षा आणि तिच्या मर्यादा

'प्राचीन स्मारक' या संज्ञेत दफनटेकाड व दफनस्थान यांचा अंतर्भाव आपल्या कायद्याने पूर्वीपासूनच केलेला आहे. १९०४ च्या प्राचीन स्मारक जतन कायद्यात तो होता, व १९५८ च्या प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियमातही आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दगडांचे वर्तुळ व ताजमहाल यांच्या दर्जात मूलतः भेद नाही. जुनापाणीसह नागपूर जिल्ह्यातील अनेक गावांची शिलावर्तुळे केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. केंद्राच्या यादीत नसलेल्या स्थळांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र अधिनियम आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरांपर्यंत बांधकामास व खाणकामास मनाई झाली असून त्यापुढील २०० मीटरांचा पट्टा नियंत्रित ठरला आहे. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. भूमीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देण्याचे बंधन तर १८७८ पासूनच आहे.

तथापि मंदिराच्या बाबतीत ही व्यवस्था जितकी सोपी, तितकी शिलावर्तुळांच्या बाबतीत नाही. मंदिराला हद्द असते. शिलावर्तुळांचा समूह माळभर, ओढ्याच्या दोन्ही अंगांना, अनेक भूमापन क्रमांकांत विखुरलेला असतो. ज्या क्रमांकाची अधिसूचना निघाली तेवढ्यालाच संरक्षण मिळते. उरलेली वर्तुळे कोणाच्या खाजगी पडीत, कोणाच्या बांधात, कोणाच्या खडीच्या खाणीत येतात. नागपूरसारखे शहर वाढू लागले की पहिली मागणी येते ती अशाच नापीक, चढावरच्या व रस्त्यालगतच्या जमिनीस. प्राचीन लोकांनी पिकाऊ जमीन वाचविण्यासाठी मृतांना माळावर ठेवले. नेमक्या त्याच कारणासाठी आज माळ बांधकामास निवडला जातो.

शेतकऱ्याला यात दोष देणे सर्वस्वी अन्यायाचे ठरेल. औताच्या आड येणारा धोंडा तो बाजूला करतो, हे त्याचे वर्तन शेकडो वर्षांचे आहे. धोंडा कशाचा आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. निळ्या पाटीवर शिक्षेचे कलम वाचावयास मिळते, परंतु पाटीमागचे वर्तुळ कोणी व कशासाठी रचले, हे त्या पाटीवर क्वचितच असते. संरक्षण परिणामकारक व्हावयाचे तर हा अर्थ गावापर्यंत पोहोचविणे हा त्याचाच एक भाग मानला पाहिजे. ते काम मुख्यतः विद्यापीठांचे आहे.

भीमाखोऱ्यातील रिकामी जागा

येथवरचे विवेचन विदर्भाचे झाले. सोलापूरच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचा आता विचार केला पाहिजे.

महापाषाणीय स्थळांचा नकाशा पाहिला असता पूर्वेकडे विदर्भ आणि दक्षिणेकडे कृष्णा-तुंगभद्रेचा प्रदेश दाट भरलेला दिसतो. या दोहोंमधील पश्चिम महाराष्ट्राचा पट्टा त्यामानाने फार विरळ आहे. सोलापूर जिल्हा या पट्ट्याच्या दक्षिण कडेवर आहे, व त्याचे स्थान विशेष लक्षणीय आहे. भीमेच्या वरच्या अंगास, तिला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. खालच्या अंगास टेलर यांचे जेवरगी. एकाच नदीच्या दोन टोकांना मृतांची व्यवस्था लावण्याच्या दोन अगदी भिन्न रीती आढळतात आणि सोलापूर त्यांच्या मध्ये येते.

इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती इ. स. पू. १६०० च्या सुमारास सुरू होऊन ७०० च्या सुमारास संपली. तेथील लोक आपल्या मृतांना घरातच पुरीत. लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे जुळवून त्यांत ठेवीत व ते कुंभ जमिनीखाली आडवे पुरीत. प्रौढांना उताणे ठेवून त्यांचे पाय घोट्यापासून तोडीत. मृताने उठून जाऊ नये, ही भावना त्यामागे असावी असा तर्क आहे. एका मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसविलेला एक प्रौढ पुरुष आढळला, व त्याचे पाय शाबूत होते. मृत घरात असणे ही या लोकांची रीत. शिलावर्तुळे रचणाऱ्यांची रीत नेमकी उलट : मृत गावाबाहेर, माळावर, दुरूनही दिसेल अशा दगडांच्या कड्यात.

इनामगावची वस्ती उठली त्याच सुमारास विदर्भात शिलावर्तुळांचा काळ भरात येत होता. मग मधल्या भीमा-सीनेच्या प्रदेशात इ. स. पू. ७०० नंतर काय घडले? तेर येथील वस्ती पुढे सातवाहनकाळात भरभराटीस आली, हे तेथील उत्खननांनी सिद्ध केले आहे. परंतु इनामगावचा शेवट व तेरचा उत्कर्ष यांमधील शतके या प्रदेशापुरती फार अंधुक आहेत. ती उजळू शकणारे अवशेष दफनांचेच असण्याचा संभव अधिक, कारण त्या काळातील माणसाने टिकाऊ अशी एवढीच गोष्ट रचली.

या रिकाम्या जागेची तीन कारणे संभवतात. पहिले कारण भूस्तराचे. जेवरगी-शहापूरच्या बाजूस ग्रॅनाइट व लाद्यांसारखा सुटा निघणारा चुनखडक आहे. सोलापूरच्या घराघरांतील शहाबादी फरशी तिकडचीच. तेथे शिलापेटिका सुलभ होती. सोलापूरच्या काळ्या पाषाणातून तशा लाद्या निघत नाहीत. परंतु हे कारण पुरेसे नाही. विदर्भातील वर्तुळे मुख्यतः याच काळ्या पाषाणाच्या धोंड्यांची आहेत. पेटिका करता आली नाही तरी वर्तुळ करता येत होते. भूस्तरावरून दफनाचा प्रकार ठरेल, दफनाचा अभाव ठरणार नाही.

दुसरे कारण वस्तीचे. इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या आरंभी पर्जन्यमान घटून दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन गावे ओस पडली, असे मत म. के. ढवळीकर यांनी मांडले. अवर्षणाची झळ सोलापूरला नवी नाही. त्या शतकांत हा प्रदेश खरोखरच विरळ वस्तीचा राहिला असेल, तर येथे शिलावर्तुळे नसणे हेच इतिहासाचे एक विधान ठरेल.

तिसरे कारण नाशाचे व दुर्लक्षाचे. शेकडो वर्षे बांधबंदिस्तीसाठी, विहिरींसाठी व रस्त्यांसाठी येथील माळांवरचे दगड उचलले गेले आहेत. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेचा विस्तीर्ण काठ पाण्याखाली नेला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे मंदिर डोके वर काढते, पण धोंड्यांचे वर्तुळ असे लक्ष वेधून घेत नाही. त्यात भर अशी की, पूर्वीच्या सर्वेक्षकांचे लक्ष नदीकाठच्या पांढरीवर केंद्रित होते. शिलावर्तुळे पांढरीवर नसून तिच्यापासून दूर, चढाच्या मुरमाड जमिनीवर असतात.

दुसरे व तिसरे कारण यांतील निवाडा केवळ तर्काने होणार नाही. तो पायी सर्वेक्षणानेच होईल, आणि हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. मात्र त्यात काही दक्षता अवश्य आहे. दगडांचे प्रत्येक कडे म्हणजे दफन नव्हे. मेंढरांच्या वाड्याभोवती रचलेले दगड, शेत साफ करताना घातलेल्या राशी, जुन्या खळ्यांच्या कडा यांचेही आकार गोलच असतात. खऱ्या वर्तुळात धोंडे मोठे व जमिनीत खोल रुतलेले असतात. त्यांचा उघडा भाग झिजलेला असतो. ती एकट्याने न आढळता समूहाने आढळतात. मुरमाड माळावर आतल्या भागात परकी काळी माती दिसते. पावसाने उघड्या पडलेल्या खापरांत आत व काठाशी काळी आणि बाहेर खाली तांबडी अशी दुरंगी खापरे असतात. यांपैकी एकच खूण मिळाली तर केवळ नोंद करावी. अनेक खुणा एकत्र मिळाल्या तर स्थान, व्यास, धोंड्यांची संख्या व भूमापन क्रमांक यांसह नकाशा करून तो पुरातत्त्व खात्याकडे द्यावा. कोणत्याही परिस्थितीत धोंडा हलवू नये, व आत काय आहे ते पाहण्यासाठी एक वीतही उकरू नये. उत्खनन हे अनुज्ञेने, पूर्ण साधनांनिशी व एखादा निश्चित प्रश्न घेऊनच करावयाचे असते. शोधाची बातमी प्रसिद्ध करण्यापूर्वी स्थळाच्या राखणीची व्यवस्था करणे हेही तितकेच अगत्याचे होय. कारण वृत्तपत्रात 'प्राचीन थडगे' हे शब्द येताच गुप्तधनाच्या शोधात असलेल्यांना वाट सापडते.

समारोप

जुनापाणीच्या माळावरून जो निष्कर्ष निघतो, तो थोडक्यात असा सांगता येईल. दफन राखणे म्हणजे गतकाळाचे कौतुक करणे नव्हे, तर पुढील संशोधकाचा प्रश्न विचारण्याचा हक्क राखून ठेवणे होय. १८६७ मध्ये उघडलेल्या वर्तुळाने लोखंड दिले, १९६१ मधील वर्तुळाने रचना दिली, पुढच्या वर्तुळांनी समाज, शेती व पोलाद दिले. अस्थींतील आनुवंशिक द्रव्य व दातांतील मूलद्रव्ये यांवरून माणूस कोठे जन्मला आणि कोठे वाढला हे सांगण्याची साधने आता हाताशी येत आहेत, व त्यांना न विस्कटलेली दफने हवी आहेत. विदर्भात अशी दफने अद्याप शिल्लक आहेत. ती राखणे हे तेथील कर्तव्य होय. भीमा-सीनेच्या प्रदेशात प्रथम शोधणे आणि मग राखणे असे दुहेरी कर्तव्य आहे. शोधाअंती येथे एकही वर्तुळ मिळाले नाही, तरी ते श्रम वाया गेले असे होणार नाही. चालून, मोजून व नकाशावर मांडून सिद्ध केलेली रिकामी जागा हाही पुरावाच असतो. न चालता गृहीत धरलेली रिकामी जागा मात्र केवळ अज्ञान होय, आणि प्रत्येक नव्या रस्त्याबरोबर व खाणीबरोबर ते दूर करण्याची संधी कमी होत चालली आहे.